घरदुरुस्ती : आपल्या हाताने की कारागिराच्या?



गळीत हंगाम आटोपला आणि उसाचे बिल बँकेत जमा झाले, की आमच्या गट ऑफिसात दोन विषय हमखास निघतात. एक खोडव्याचा आणि दुसरा घराचा. खोडव्याबद्दल आम्ही नेहमीच सांगत आलो आहोत : बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट जाळू नका, नांग्या वेळेवर भरा. घराचा विषय मात्र निराळा. "साहेब, मृग तोंडावर आलाय. पत्रे गळतेत, भिंतीला चीर पडलीय. मिस्त्रीला बोलवावं तर त्याची हजेरी परवडंना. आपणच चढावं का वर?" असा प्रश्न एखादा सभासद विचारतो, आणि बाकावर बसलेले चार जण चार सल्ले देतात.

खरे म्हणजे हे माझे खाते नव्हे. मी शेतकी पदविकेचा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण ऊसनोंदीच्या निमित्ताने वर्षभर अंबड-घनसावंगीकडच्या वाड्यावस्त्यांवर फिरणे होते, सभासदांच्या ओसरीवर चहा होतो, आणि मान वर करून पाहण्याची मला सवय आहे. ती सवय कशी लागली, तेही पुढे सांगतो. उसात चूक झाली तर एक हंगाम जातो. घरात चूक झाली तर काय जाते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे.

जुनी रीत

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. गावात सुतार, लोहार, कुंभार होते, त्यांना खळ्यावर बलुते मिळत होते. मोडकेतोडके त्यांनी बघायचे आणि सारवणे, लिंपणे, माती टाकणे घरच्यांनी करायचे, अशी कामाची वाटणी ठरलेली होती. सुतार वर्षातून दोन-चारदा सहज घरात डोकावत असे आणि तुळईकडे बघून काही बोलत असे. त्याच्या बघण्याचे वेगळे पैसे नव्हते.

आता बलुते गेले आणि रोख हजेरी आली. कारागिराला बोलावले की खिशात हात घालावा लागतो, म्हणून आपण त्याला बोलवायचे टाळतो. "आपला हात जगन्नाथ" म्हणून स्वतःच कामाला लागतो. त्यात गैर काही नाही. पण आपण फक्त त्याचा हात वाचवत नाही, त्याची नजरही गमावतो, हे लक्षात येत नाही.

आमच्या घराची हकिगत

आमचे गावाकडचे घर माळवदाचे. लाकडी तुळया, त्यावर कड्या आणि फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी मृगाआधी वडील आणि आम्ही भाऊ गाडीभर पांढरी माती आणत असू, ती वर पसरून चोपत असू आणि पन्हाळी मोकळी करत असू. दोन दिवसांचे काम. मजुरी शून्य. गळती थांबायची. वडिलांना त्याचा अभिमान होता आणि मलाही होता.

एका वर्षी गावचा म्हातारा सुतार दारावरून जाताना म्हणाला, "दादा, त्या कोपऱ्यात दरसाल वल येती. तुळईचं भिंतीतलं टोक एकदा उकरून दावा मला." वडील म्हणाले, "बघू पुढल्या साली." मीही नोकरीला नवीनच लागलेलो होतो. एका दिवसाची हजेरी वाचली, असेच वाटले.

पुढे दोन वर्षांनी श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी पहाटे वर कट्‌ असा आवाज झाला. आजीची बाज त्याच खणात होती. ती म्हातारी झोपेची कच्ची, म्हणून वाचली. तिने हाक मारली, आम्ही तिला बाजेसकट ओसरीवर ओढले, आणि चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात तो खण खाली बसला. कोपऱ्यात बांधलेली शेळीची दोन करडे मातीखाली गेली.

माती उपसल्यावर तुळईचे टोक पाहिले. बाहेरून शिसवीसारखे काळेभोर, ठणठणीत. भिंतीच्या आतले वीतभर टोक मात्र वाळवीने आणि ओलीने पार भुसा झालेले. बोट घातले तर आत जात होते. आम्ही दरवर्षी वरून गळती बुजवत होतो. खाली काय कुजते आहे ते पाहिले नव्हते. इतकेच नव्हे, तर जी तुळई कुजत होती तिच्यावर आम्ही दरवर्षी वजन वाढवत होतो.

हे वजन किती, ते नंतर मी कागदावर मांडले. आपणही मांडून पाहा. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब छत म्हणजे दोनशे चौरस फूट. त्यावर एक इंच माती टाकली तर ती सुमारे सतरा घनफूट होते. घनफुटाला ४५ किलो धरले तरी पाऊण टन भरते. म्हणजे एका वर्षाचा एक थर पाऊण टनाचा. आमच्या माळवदावर हातभर, म्हणजे दीड फूट माती निघाली. तिचे वजन साडेतेरा टन. टायरगाडीत अडीच टन ऊस बसतो असे धरा, म्हणजे पाच-सहा टायरगाड्या भरून ऊस आमच्या डोक्यावर रचलेला होता. तोही कोरडा असताना. पाऊस मुरला की वजन आणखी वाढणार.

किल्लारीने शिकवलेला धडा

आमचा एक खण पडला, त्यावर निभावले. सर्वांचे असे निभावत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. गणेश विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे घराखाली गेली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडेही फळीवरची भांडी वाजली होती.

तिथली माणसे बहुतांश भूकंपाने नव्हे, घराने मारली. घरे आपल्यासारखीच होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आतला थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा, दोन्हींना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेला मातीचा थर. उलट जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता आणि सांधे पक्के होते, अशा काही घरांत भिंती बाहेर कोसळूनही छत जागेवर उभे राहिले. म्हणजे सुताराचे काम टिकले.

पुढे शासनाने जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसन कार्यक्रम घेतला, त्यात अनेक गावे नव्या जागी वसवली. पण त्याचबरोबर लाखाहून अधिक घरे आहे त्याच जागी दुरुस्त आणि मजबूत करण्यात आली. ते काम गुत्तेदाराकडे न देता घरमालकाकडेच दिले होते. रक्कम टप्प्याटप्प्याने मालकाला, आणि काय करायचे ते सांगायला व तपासायला अभियंता. छतावरची जादा माती कमी करणे, भिंतीत आरपार बंधदगड बसवणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू ठोकणे अशी ती कामे. हात मालकाचे आणि नजर जाणत्याची. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. भूकंप दूर कुठे तरी होतो असेही समजू नका. २०२४ साली हिंगोली परिसरात मार्चमध्ये आणि जुलैमध्ये धक्के बसले, ते मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी जाणवले.

कामाआधी तीन प्रश्न

कोणतीही दुरुस्ती हाती घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१) या कामात चूक झाली तर ती लगेच दिसेल, की झाकली जाईल?
२) चूक झाली तर पुन्हा करता येईल, की माणूस जाईल?
३) मी दुखणे बरे करतो आहे, की नुसता डाग पुसतो आहे?

चूक लगेच दिसणारी आणि पुन्हा करता येण्याजोगी असेल तर ते काम खुशाल आपण करा. चूक झाकली जाणारी किंवा जीव घेणारी असेल तर जाणता माणूस आणा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर निदान एक दिवसाची हजेरी देऊन कारागिराची नजर विकत घ्या. काम पुढे आपणच केले तरी चालेल.

(अ) आपण करावयाची कामे

चुना देणे, रंग देणे, सारवण, गिलाव्याचा पडलेला पापुद्रा भरणे, दाराची बिजागरी, नळाचा वायसर, पन्हाळी साफ करणे यासाठी कारागीर बोलावणे म्हणजे खुरपणीला ट्रॅक्टर आणणे. घरातल्या मुला-मुलींना बरोबर घेऊन ही कामे करावीत. मुलींनाही पाना-पकड धरायला शिकवावे.

पत्र्याची गळती बहुधा पत्र्यातून नसते, हुकाच्या भोकातून असते. डांबरी वायसर वाळून चिरतो आणि पाणी उतरते. वायसर बदलला की काम होते. हुक पत्र्याच्या उंचवट्यावर असावा, खोलगट भागात नसावा, कारण पाणी खोलगटातूनच वाहते. चढताना शिडी खाली एकाने धरावी. सिमेंटच्या पत्र्यावर मधोमध पाय देऊ नये, तो सांगून फुटत नाही. खाली जिथे आडवे लाकूड किंवा लोखंडी पाइप आहे, तिथेच आडवी फळी टाकून त्यावर पाय ठेवावा. जुने सिमेंट पत्रे कोरडे कापू किंवा घासू नयेत, त्यांची धूळ छातीला वाईट. आणि पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवण्याची आपली रीत सोडा. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो तो उडतोच आणि दगड मात्र खाली झोपलेल्यावर येतो. हुक आवळा.

सांडपाण्याचा शोषखड्डा हेही आपले काम. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे घेऊन गटारे आणि डास हटवले, हे अनेकांनी ऐकले असेल. चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, इतकेच ते काम आहे. मात्र खड्डा घराच्या पायापासून आणि पिण्याच्या पाण्याच्या आडापासून लांब घ्यावा, आणि संडासाचे पाणी त्यात सोडू नये.

माळवदावरची माती कमी करणेही आपल्याला जमते, पण आधी सुताराला तुळया दाखवाव्यात आणि त्याने सांगितल्यास खालून टेकू द्यावेत. सगळीकडून सारखी माती उतरवावी. एका बाजूचा ढीग दुसऱ्या बाजूला करू नये.

(आ) जाणत्याकडूनच करून घ्यावयाची कामे

पहिले विजेचे. सभासदांपैकी बऱ्याच जणांना वाटते, "मोटरीचा स्टार्टर मी उघडतो, घरची वायरिंग काय अवघड?" वीज चूक सांगत नाही आणि पुन्हा करू देत नाही. घरातले फ्यूज बदलणे किंवा बल्ब लावणे मेन स्विच बंद करून, पायात कोरडी चप्पल घालून आपण करू शकतो. फ्यूजला मात्र फ्यूजचीच तार घालावी. "सारखा फ्यूज जातो" म्हणून जाड तांब्याची तार घातली तर फ्यूज जायचा थांबतो, आणि त्याऐवजी वायर जळते, नाहीतर घर. फ्यूज जातो तो काही तरी सांगायला जातो.

नवी वायरिंग, मीटरजवळचे काम आणि अर्थिंग हे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. वैशाखात कूलरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, तरी आपण "थोडा करंट येतोय" म्हणून हसून सोडून देतो. तो करंट ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या लेकराला थोडा लागत नाही. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढा. गळता करंट ओळखून वीज तोडणारा ई.एल.सी.बी. घरात बसवून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत जा, ते काम मात्र आपले. कपडे वाळत घालायची लोखंडी तार विजेच्या खांबाला किंवा मीटरच्या पाइपला कधीच बांधू नये.

आणि डी.पी.वर चढू नका. गावातला झिरो वायरमन चढतो म्हणून आपणही चढायचे, हे धाडस नव्हे. रात्रीच्या पाळीला पाणी धरायचे असते, फ्यूज गेलेला असतो, मनाची तगमग मला समजते. पण रात्रीची एक पाळी चुकल्याने ऊस मरत नाही. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि लाइनमनची वाट बघा.

दुसरे काम सेफ्टी टँक, गोबरगॅसचा खड्डा आणि जुना आड यांचे. यात विषारी वायू साठतो. उतरलेला माणूस हाकही मारू शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही आतच राहतो. स्वतः उतरू नका आणि मजुरालाही उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी ओढणारा टँकर बोलवावा.

तिसरे, ज्यावर भार आहे ते सर्व : तुळई, खांब, स्लॅब, पाया. भिंतीत नवे दार किंवा मोठी खिडकी पाडणे, जुन्या भिंतीवर मजला चढवणे ही कामे गवंड्याच्याही एकट्याच्या भरवशावर करू नयेत. इंजिनिअरला एकदा दाखवावे.

भिंतीची चीर ओळखा

आपल्या भागात काळी चिकण जमीन जास्त. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे उसाच्या रानात आपण दरसाल बघतो. घराखालची काळीही तेच करते. म्हणून मुरमापर्यंत पाया न नेलेल्या घरांना चिरा पडतात. गवंड्याने सिमेंट भरले तरी पुढच्या वैशाखात चीर परत उघडते, आणि आपण गवंड्याला नावे ठेवतो.

चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. आडव्या बाजूने सिमेंटचा छोटा ठिपका चिरेवर लावा. दोन-तीन महिन्यांनी बघा. ठिपका शाबूत असेल, चीर केसाएवढीच असेल, तर ती गिलाव्याची आहे, आपणच भरा. ठिपका फुटला, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर वाढत चालली, दार अडकू लागले किंवा भिंतीला पोट आले, तर जाणत्याला बोलवा आणि तोवर त्या भिंतीखाली कोणी झोपू नका. दरम्यान न्हाणीचे आणि पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरू देऊ नका, आणि मोठी झाडे भिंतीलगत लावू नका. हे बिनपैशाचे उपाय आहेत.

कारागीर लावला म्हणजे आपण सुटलो नाही

काही सभासद दुसऱ्या टोकाला जातात. गुत्ते देतात, विसार देतात आणि थेट शेवटच्या दिवशी येतात. "घर पाहावे बांधून" ही म्हण आहे, "बांधायला लावून" अशी नाही. खालील गोष्टी मालकाच्याच आहेत :

१) काम हजेरीने की गुत्त्याने, माल कोणाचा, किती दिवसांत, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

२) पैसे कामाच्या टप्प्याने द्यावेत. गळतीच्या कामाचा शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचा, हे आधीच ठरवून घ्यावे.

३) माल स्वतः बघून आणावा. लोखंडाच्या बाबतीत आपण भाग्यवान, सळईचे कारखाने जालन्यातच आहेत. गजावर आय.एस.आय. मार्क पाहावा आणि वजन काट्यावर करून घ्यावे. वाळू मूठभर पाण्यात हलवून पाहावी, पाणी फार गढूळ झाले तर माती जास्त आहे.

४) मालात पाणी जास्त घालू देऊ नये. पातळ माल पसरायला सोपा, पण वाळल्यावर कमजोर.

५) नव्या सिमेंटकामावर पाणी मारणे हे मालकाचे काम. मिस्त्री संध्याकाळी घरी जातो. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक सिमेंटला आणि आपल्या उन्हाला निदान दहा दिवस ओल हवी. ऊस उगवताना पाण्याचा ताण पडू देत नाही, तसेच हे समजा.

६) कारागीर काम करत असताना जवळ थांबा, विचारा, बघा. चांगला कारागीर विचारल्याने रागावत नाही. आणि ठरलेली मजुरी वेळेवर द्या. उसाचे बिल लांबले की आपल्याला कसे वाटते, ते आठवा.

शेवटी

आता त्या म्हाताऱ्या सुताराबद्दल. खण पडल्यावर नवी तुळई त्यानेच घातली. मी त्याला म्हणालो, "बाबा, तुमचं ऐकायला पाहिजे होतं." तो जुने कुजके टोक हातात घेऊन म्हणाला, "लाकूड वरनं खोटं बोलतं. आत टोचून बघावं लागतं." मजुरी त्याने रोजचीच घेतली. तो आता नाही. ते टोक मात्र मी ठेवले आहे, ऑफिसात माझ्या टेबलावर कागद दाबायला असते. सभासद विचारतात, मी सांगतो.

मृगाला अजून अवधी आहे. या आठवड्यात एक काम करा. घरातले सगळे जण झोपतात त्या जागी दिवसाउजेडी उभे राहा आणि वर बघा. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे एक बारीक सळई टोचून बघा. ठणठणीत लागली तर चुन्याचा डबा आणि ब्रश घेऊन आपले आपण कामाला लागा. आत गेली तर आधी अंथरुणे दुसऱ्या खणात हलवा आणि मग सुताराकडे जा. हजेरीचा हिशेब नंतर करू.

आपला,
ऊस विकास अधिकारी